कपाट सरकताना पाच सेकंद

४ मार्च, सकाळी १०.१०
फर्निचरवाल्या बाईंचा फोन. माझ्या अ‍ॅपमध्ये स्क्रीनवरच्या खोलीतलं कपाट या भिंतीकडून त्या भिंतीकडे नेलं की पाच सेकंद ‘कृपया थांबा’ येतं म्हणे. तोवर गिऱ्हाईक कंटाळून उठतं. महिनाअखेरपर्यंत सुधारलं नाही तर त्या दुसरं अ‍ॅप घेणार. नऊ वर्षं माझ्या जिवावर दुकान चालवलं आणि आता ही भाषा. हे सगळं ब्राउझरमध्ये चालतं, तेव्हा दोष ब्राउझरचा आहे. त्याला जड काम झेपत नाही, हे मी पहिल्यापासून कानीकपाळी ओरडतोय.

५ मार्च
ऑफिसातली टेस्टिंगवाली म्हणाली, सर, एकदा कोड बघू का. माझ्या कोडला हात लावायचा नाही, असं बजावलं.
संकल्प: चिडायचं नाही. दुपारी मोडला. चूक टेस्टिंगवालीची.

११ मार्च
नवा ब्राउझर आला. तिप्पट वेगवान. बाईंना कळवलं, आता बघा कपाट कसं पळतं.

११ मार्च, संध्याकाळ
बाईंचा फोन. पाच सेकंद.
ब्राउझरवाले एक नंबरचे थापाडे.

१२ मार्च
लेक ब्राउझरमध्येच व्हिडिओ एडिट करत बसलेली. काहीही इन्स्टॉल न करता, माझ्याच जुनाट लॅपटॉपवर. कुठे अडकत नव्हतं. म्हणाली, बाबा, तुमचं कपाट व्हिडिओपेक्षा जड आहे का. रागाने जेवलो नाही. मग जेवलो.

१८ मार्च
ब्राउझरवाल्यांना चार पानी तक्रार पाठवली. शब्द जपून वापरले नाहीत. टेस्टिंगवालीला शेवटी कोड दिला. बघून चार गोष्टी शिकेल.

१८ मार्च, दुपारी ४.३०
तिने ओळ २१४ दाखवली. कपाट हललं की पाच सेकंद काही करू नये, असा हुकूम. शेजारी टीप: ब्राउझर धापा टाकतो, त्याला दम खाऊ द्यावा. सुधारला की ही ओळ काढणे. खाली माझं नाव, नऊ वर्षांपूर्वीची तारीख.
ब्राउझर सुधारल्याचं मला कोणी रीतसर कळवलं नव्हतं.

१९ मार्च
ओळ काढली. कपाट बोटाबरोबर सरकतं. सोफा, पलंग, सगळंच. दहा मिनिटं नुसता खोली मांडत बसलो, इतकं छान वाटलं. मग बाईंना फोन केला. त्यांनी सोमवारीच दुसरं अ‍ॅप घेतलं. म्हटलं, तुम्ही महिनाअखेर म्हणाला होतात. त्या म्हणाल्या, नऊ वर्षं थांबले हो.
फोन ठेवला. भयंकर संतापलो. कोणावर, हे कळायला पाच सेकंदसुद्धा लागले नाहीत.