मुठीतली तीन हाडं

मी, काशीनाथ दामू मेश्राम, वय ७१, राहणार नोएडा, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. दबाव कुणाचा नाही. कौसल्येच्या बडबडीला दबाव म्हणत नसतील तर.

१. फ्लॅट व बँकेतली शिल्लक पत्नी कौसल्या हिची. तिच्यानंतर मुलं गौरव आणि उल्का, निम्मं-निम्मं.

२. जुनी शस्त्रं दुरुस्त करायचं वर्कशॉप, सोड्याच्या टाक्या, ब्रश, छिन्न्या मुलगी उल्का हिला. जमिनीतून निघालेल्या तलवारीतला खार काढायला ती महिनोन्महिने सोड्याच्या पाण्यात ठेवावी लागते. उल्काला तो धीर आहे. गौरव, रुसू नकोस. "पप्पा, यार, पॉलिश मारून देऊन टाका ना," हे तुझेच शब्द.

३. पॉलिशचं मशीन भंगारात द्यावं. त्याने तलवार चमकते आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रे होऊन गळते.

४. माझ्या कपाटात बिस्किटांचा डबा आहे. २०११ साली गुरुग्रामच्या एका फार्महाऊसचा पाया खणताना तलवार सापडली. मालकाने ती माझ्याकडे आणली. मी लाकडी दांडीने ठोकून लोखंड ऐकतो; धातू उरलाय की नुसता गंज, ते कळतं. मुठीपाशी आवाज बद्द आला. गंज काढला, तर आत माणसाच्या बोटांची तीन हाडं, मूठ धरलेली.

आमच्या कामाचा नियम आहे : आधी फोटो, नोंद, मग हात लावायचा. मी नोंद केली नाही. पोलीस येतील, तलवार जाईल, अशी सुंदर तलवार पुन्हा हातात येणार नाही, एवढंच सुचलं. हाडं सोडवून या डब्यात ठेवली, तलवार परत दिली. ती त्या मालकाच्या दिवाणखान्यात टांगलेली आहे.

भूतखेत मी मानत नाही. पण तेव्हापासून कुठलंही पातं ठोकलं की कपाटातून एक बारीक ठोका परत येतो. कौसल्या म्हणते, "दुसऱ्याचा हात घरात ठेवून जेवता कसे हो तुम्ही?"

माझ्या पश्चात उल्काने डबा व हा कबुलीजबाब पोलीस ठाण्यात द्यावा. माझं नाव खराब झालं तरी चालेल. जाळायचं की पुरायचं, ते जाणत्यांनी ठरवावं. लोखंडावरून मेलेल्याचा धर्म ऐकू येत नाही.

५. वरचं कलम उल्काला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, हे तुमच्या मागे का? पाय तर चालतात तुमचे."

तिचं खरं आहे. म्हणून सोमवारी मी स्वतः डबा घेऊन जाईन. तिने सोबत यावं. आत मी एकटाच जाईन. त्याआधी मेलो, तरच कलम ४ लागू.

साक्षीदार : समाधान वासनिक, ऋचा पेठे. दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

(सही) काशीनाथ दामू मेश्राम
नोएडा, शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४