मिनिटाला अठ्ठ्याहत्तर

३ मार्च, मंगळवार

सकाळी बँकेत गेलो. फॉर्म परत आला, सही जुळत नाही म्हणे. दुपारी संगीत विद्यालयाच्या ग्रंथपालांचा फोन. हिच्या ग्रामोफोनच्या रेकॉर्ड न्यायला शनिवारी, चौदा तारखेला येतात. हिनेच जाण्याआधी ठरवून ठेवलं होतं. मुलीला सांगितलं, मला नाही.

मोजल्या. एकोणचाळीस. सगळ्या एकाच बाईच्या. ऑपेरात गाणारी, बायकांतला सगळ्यात खालचा आवाज असलेली, जाऊनही कितीतरी वर्षं झाली. ही तिला बाईसाहेब म्हणायची. बत्तीस वर्षं माझ्या मागे — "अहो, एक तरी बाजू बसून ऐका." मी कधी बसलो नाही. कधी पेपर, कधी हिशेब, कधी नुसताच कंटाळा.

आता अकरा दिवस आहेत. या बाईत हिला काय सापडलं ते मला एकदा ऐकायचंय. एवढंच. मग खुशाल न्या म्हणावं.

४ मार्च, बुधवार

तीन बाजू ऐकल्या. काही नाही.

पुढे कढईत काहीतरी तळतंय. त्याच्यामागे डब्यात कोंडलेला बँड. त्याच्याही मागे एक बाई घाईघाईने गातेय, घरी दूध उतू चाललंय अशी. खालचा आवाज कुठे आहे? आमच्या ऑफिसातली टायपिस्ट रागावली की याहून खाली जायची.

६ मार्च, शुक्रवार

मुलीचा फोन. "बाबा, ते सगळं मोबाइलवर मिळतं हो. साफ केलेलं. खरखर अजिबात नाही." पाठवलंही लगेच. ऐकलं. खरखरीबरोबर बाईही पुसून काढलीय, लादी पुसावी तशी. तिला तसं सांगितलं.

"मग तुम्हाला हवंय तरी काय?"

ते माहीत असतं तर हा उपद्व्याप कशाला केला असता? नुसतं "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

८ मार्च, रविवार

पाच बाजू. डोकं उठलं.

९ मार्च, सोमवार

ग्रामोफोन उचलून घड्याळवाल्याकडे नेला. खांदा गेला. यंत्रात दोष आहे का बघ म्हटलं. त्याने रेकॉर्डखाली कागदाची चिठ्ठी अडकवली आणि घड्याळाकडे बघत फेरे मोजले.

"बरोबर अठ्ठ्याहत्तर, साहेब. इतकं नेमकं कोणी लावून दिलं?"

मी, म्हटलं. अठ्ठावीस वर्षं दुकानदारांची वजनं-मापं तपासून शिक्के मारलेत. दोन वर्षांपूर्वी पाहिलं तर यंत्र बहात्तरवर रेंगाळत होतं. हिच्या वाढदिवसाला मी स्वतः स्क्रू फिरवून ठीक केलं.

तो मान खाली घालून हसत होता. "साहेब, त्या जमान्यात अठ्ठ्याहत्तर ठरलं होतं कुठे? कोणी सत्तरला गाणं भरायचं, कोणी ऐंशीला. ज्याची त्याची मर्जी. बहात्तरची अठ्ठ्याहत्तरला लावलीत तर म्हशीची शेळी होणार. पाकिटांवर कोणी आकडे लिहून ठेवलेत का बघा."

घरी येऊन पाहिलं. आहेत. प्रत्येक पाकिटाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने, हिच्या अक्षरात. ७१, ७४, ७२. मला वाटायचं कपाटातले नंबर असतील. क्रमाने लावत नाही म्हणून हिला दोनदा बोललोही होतो.

१० मार्च, मंगळवार

स्क्रू ढिला केला, चिठ्ठी लावून मोजलं. एकाहत्तर. हिच्या खुर्चीत बसलो, कारण भोंग्याचं तोंड तिकडे आहे.

बाईसाहेब आल्या. आल्या असंच म्हणावं लागेल. आधी वाटलं पुरुष गातोय. मग आवाज वर चढला आणि कळलं, त्याच. नंतर कसलीही घाई न करता जिना उतरावा तशा खाली उतरल्या आणि शेवटच्या पायरीवर उभ्या राहिल्या. तिथे आवाज पातळ होत नाही, रुंद होतो. खरखर होतीच, पण आता ती वाट अडवून नव्हती, बाजूला सरली होती.

एका वरच्या सुराला आवाज एकदम लांब गेला. घड्याळवाला म्हणाला होता, तेव्हा गाणं भरायला माइक नव्हते, भोंग्याशी तोंड नेऊन गायचं आणि मोठा सूर आला की मागे सरायचं, नाहीतर सगळं फुकट. मला ते मागे सरणं ऐकू आलं. इतक्या वर्षांपूर्वी एका खोलीत एक बाई दोन पावलं मागे गेली आणि परत पुढे आली.

भाषा कळत नाही. कोणीतरी गेलंय आणि बाईसाहेब आरडाओरडा करत नाहीत, इतकं कळलं.

तीच बाजू चार वेळा लावली.

११ मार्च, बुधवार

झोप नाही. आकडे हिच्या अक्षरातले, म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं. बहात्तर हिनेच लावलं होतं. मी ते बिघडवलं, वर वाढदिवसाची भेट म्हणून. आणि ही काय म्हणाली? "छान झालं हो." त्यानंतर दोन-तीनदा लावलं असेल. मग झाकण बंद. मी समजलो आजारपणामुळे.

"अहो, बिघडवलंत" एवढं म्हणायला काय झालं होतं? तोंड होतं ना? भाजीत मीठ जास्त पडलं तर पाहुण्यांसमोर मलाच चाखायला लावणारी बाई!

पण त्या दिवशी मी हातात घड्याळ घेऊन अर्धा तास हिला समजावत होतो, तुझं यंत्र कसं चुकीचं होतं ते. कोण बोलणार होतं पुढे?

शेवटची दोन वर्षं मी हिच्याकडून बाईसाहेब काढून घेतल्या. हेच खरं.

१४ मार्च, शनिवार

ग्रंथपाल आले. प्रत्येक रेकॉर्डचा वेग लिहून तक्ता केला होता, तो दिला. म्हणाले, "आमचं यंत्र अठ्ठ्याहत्तरलाच फिरतं हो." मग आधी यंत्र बदला, म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असावं. ते चहा ठेवून उभे राहिले.

वर त्यांच्याजवळ हिने दिलेली यादी निघाली. तीत चाळीस! माझ्याकडे एकोणचाळीस. जन्मभर दुसऱ्यांची मापं पकडली आणि घरात एक कमी. पुढच्या शनिवारी या म्हटलं. कपाट, माळा, पलंगाखाली, सगळीकडे शोधलं. नाही.

१५ मार्च, रविवार

दुपारी मागच्या गल्लीतल्या पियानो शिकवणाऱ्या बाई आल्या. हातात चाळिसावी. "ही आमच्याकडेच राहिली होती. द्यायला यायचं धाडस होत नव्हतं."

डॉक्टरांनी रोज फिरायला सांगितलं म्हणून ही संध्याकाळी तासभर बाहेर पडायची. ती त्यांच्याकडे जात होती. दोन वर्षं. त्यांचं यंत्र हव्या त्या वेगाला लागतं. रोज पिशवीतून एक रेकॉर्ड. ती पिशवी मीच दारापर्यंत आणून द्यायचो. फिरायला पिशवी कशाला, विचारलं तर म्हणायची, येताना भाजी आणते. आणायचीही.

"मी म्हटलं त्यांना, घरचं यंत्र परत सारखं करून घ्या. तर म्हणाल्या, ह्यांनी इतक्या हौसेने केलंय, त्याला आता हात लावायचा नाही."

मी फक्त विचारलं, शेवटची कधी ऐकली? दवाखान्यात नेण्याच्या आदल्या दिवशी, म्हणाल्या. पूर्ण ऐकली.

त्या गेल्यावर पायात बूट घातले आणि डॉक्टरांनी हिला आखून दिलेली, हिची राहून गेलेली फेरी मारली. पोस्टापर्यंत आणि परत. पाऊण तास लागला.