सलग तीन

पोर्ट हॅडली, ओहायो
९ जून १९७४

चि. मर्लला आर्डिथताईचे अ. उ. आ.

सोबत या आठवड्याच्या पाच बेसबॉल सामन्यांचे स्कोअरचे कागद पाठवते आहे. पाकीट फोडण्याआधी घोटभर पाणी पिऊन घे, कारण आपले हेरन्स पाचही हरले. त्यांना लाडाने बगळे म्हणणं मी आता सोडून देणार आहे. बगळा निदान एका पायावर तरी नीट उभा राहतो. मंगळवारी तिसऱ्या बेसवरच्या त्या लांबड्या क्रेगलने हातात आलेला सोपा चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावला. माझ्यापासून दोन हातांवर पडला मेला. वाटलं, उचलावा आणि त्याच्याच टाळक्यात हाणावा. शेवटी कागदावर त्याच्या नावापुढे चूक मांडली, पेन्सिल जरा जास्तच दाबून.

तुझी खुर्ची अजून तुझीच आहे. तिच्यावर मी पर्स आणि छत्री ठेवते. परवा एक जाडजूड गृहस्थ जागा रिकामी आहे का म्हणून विचारायला आला. मी सांगितलं, माझा भाऊ बसलाय, आत्ताच बाथरूमला गेलाय. सातव्या डावात त्याने मागे वळून, भावाची तब्येत बरी आहे ना, असं काळजीने विचारलं. दोन उन्हाळे झाले, मर्ल, तू बाथरूमला गेलास त्याला.

हरण्याचं दुःख नाही रे, अंगवळणी पडलंय ते. पण हरल्यावर शिव्या कुणाबरोबर द्यायच्या? सामना संपला की लोक आपापसांत कुरकुरत जिना उतरतात आणि मी कठडा धरून एकटी उतरते. मंगळवारी घरी येऊन स्वयंपाकघरात उभ्या उभ्या क्रेगलला मोठमोठ्याने बोलत होते. मध्येच माझा आवाज माझ्याच कानावर आला आणि कसंतरी झालं.

घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना एक सप्टेंबरला आहे. त्याला येईन असं तू नाताळात कबूल केलं होतंस, ते मी विसरलेले नाही. तुझ्या लेकीला, लोरेटाला सांगून आत्ताच विमानाचं तिकीट काढून ठेव. मधली खोली तुझ्यासाठी झाडून ठेवली आहे.

तब्येतीला जप आणि माझ्या बडबडीला कंटाळू नकोस.

तुझी,
आर्डिथताई

---

टूसॉन, ॲरिझोना
१७ जून १९७४

ती. आर्डिथताईस मर्लचा सा. न. वि. वि.

कागद पोचले. क्रेगलच्या चुकीपाशी चक्क भोक पडलंय, तेव्हा तो प्रसंग मला अगदी डोळ्यांपुढे दिसला. इथल्या पेपरात आपल्या गावाचंच नाव येत नाही, तर गावच्या संघाला कोण विचारतो! रेडिओही एवढ्या लांब पोचत नाही. त्यामुळे तुझा कागद हाच माझा सामना. सकाळी व्हरांड्यात बसतो आणि एकेका चौकोनावर बोट ठेवत सावकाश खेळवतो. एक सामना दोन दिवस पुरवतो. शेवट काय होणार ते ठाऊक असतं, तरी आठव्या डावापर्यंत मूर्खासारखी आशा असतेच.

लोरेटा जीव लावते, तिला नावं ठेवायला जागा नाही. आमचे जावईबापू ग्लेनही सज्जन आहेत, पण माझ्या देखत त्यांनी तीन संघ बदलले. जो जिंकेल तो यांचा. परवा जेवताना विचारू लागले की, पप्पा, जन्मभर हरणाऱ्यांना धरून बसण्यात तुम्हाला मिळतं तरी काय? मी म्हटलं, जरा मीठ द्या इकडे. तू समोर असतीस तर तू त्यांची चांगली हजेरी घेतली असतीस. इथे हेरन्स हा शब्द मी दिवसचे दिवस कुणाजवळ बोलत नाही.

सप्टेंबरचं म्हणशील तर बघू. उन्हाळा कडक आहे, प्रवास लांबचा आहे. आता लगेच तोंड फुगवू नकोस. असं करू, आपल्या बगळ्यांनी सलग तीन सामने जिंकून दाखवले की मी निघालोच. हा माझा शब्द.

कागद पाठवत राहा, त्यांच्यासोबत तुझा राग आला तरी चालेल.

तुझा,
मर्ल

---

पोर्ट हॅडली
२८ जुलै १९७४

चि. मर्लला अ. उ. आ.

तुझी अट वाचून मी आधी हसले आणि मग कॅलेंडर घेऊन बसले. सलग तीन म्हणजे काय, अवघड आहे का? या महिन्यात बगळे चार वेळा जिंकले, फक्त एकापाठोपाठ एक जिंकायची बुद्धी त्यांना होत नाही. एक दिवस जिंकतात आणि दुसऱ्या दिवशी माफी मागितल्यासारखे हरतात.

काल चौथ्या डावात सवयीने दोन हॉट डॉग घेतले. तुझ्या वाटचं, मोहरीचा सॉस जास्त घातलेलं, मांडीवर धरून बसले होते. टाकवेना म्हणून खाल्लं, आणि संध्याकाळभर पोटाने छळलं. मैदानावर माणसं इतकी थोडी होती की चेंडू टाकणाऱ्या पिचरचं खाकरणंसुद्धा आमच्या ओळीपर्यंत ऐकू आलं. शेजारच्या मिसेस डोबिन्स म्हणाल्या, आर्डिथ, आता पुरे कर, रविवारी चर्चनंतर आमच्याकडे पत्ते खेळायला ये. त्यांचं चुकत नाही. पण मी तिकडे गेले तर इथे आपल्यापैकी कुणीच उरणार नाही.

तू मात्र शब्द पाळ म्हणजे झालं.

तुझी,
आर्डिथताई

---

पोर्ट हॅडली
१९ ऑगस्ट १९७४

चि. मर्लला अ. उ. आ.

अरे, बॅग भर! जिंकले! सलग तीन! शुक्रवारी अगदी शेवटच्या चेंडूवर जिंकले, क्रेगलनेच मारला, आणि मी उठून परक्या बाईला मिठी मारली. शनिवारी सात-दोन. आणि काल रविवारी सहा-चार. तिन्ही कागद सोबत आहेत, बघून घे.

आता सबबी नकोत. ऊन बिऊन काही ऐकणार नाही. मधल्या खोलीचे पडदे धुतले, तुझी जाड उशी उन्हात घातली. विमानतळावर घ्यायला मिस्टर डोबिन्स मोटार आणतो म्हणालेत. तू ये फक्त. एक सामना बस माझ्याशेजारी, मग हवं तर दुसऱ्या दिवशी परत जा.

तारेने कळव, पत्राची वाट बघायला मला धीर नाही.

तुझी,
आर्डिथताई

---

टूसॉन
२४ ऑगस्ट १९७४

ती. ताईस सा. न. वि. वि.

तार न करता पत्रच लिहितो आहे, त्यावरून तू समजली असशील. तरी शेवटपर्यंत वाच.

पाकीट फोडलं आणि मी इतक्या जोराने ओरडलो की लोरेटा ओल्या हातांनी धावत आली. शुक्रवारचा सामना दोनदा खेळवला. शनिवारचाही. मग रविवारचा कागद घेतला, आणि ताई, शेवटच्या रकान्यापाशी माझं बोट थांबलं. आपण घरच्या मैदानावर. पाळी आपली नेहमी नंतर. पाहुण्यांचा नववा, म्हणजे शेवटचा डाव संपला तेव्हा तुझ्या कागदाप्रमाणे आपण सहा-चार पुढे होतो. म्हणजे सामना तिथेच संपला, आपल्याला पुन्हा बॅट हातात घ्यायचं कारणच नाही. शनिवारच्या कागदावर तो रकाना रिकामा आहे. रविवारच्या कागदावर तू आपला नववा डावही भरलास, तीन बाद, अगदी सुवाच्य अक्षरात.

तीस वर्षं आपण शेवटी मागेच असतो आणि तीस वर्षं तू तो रकाना भरत आलीस. खोटं लिहायला बसलीस, पण तुझ्या हाताला जिंकणं ठाऊकच नाही गं. आधी मला हसू आलं. मग कागदाची नीट घडी करून ठेवली.

पण मी तुला रागवायला लिहीत नाहीये. तुझ्यापेक्षा मोठं खोटं मी बोललो. फेब्रुवारीत माझ्या हृदयाने दगा दिला. डॉक्टरांनी विमान बंद केलं, जिना बंद केला. आता मी टपालपेटीपर्यंत जातो आणि परत येताना मध्ये एकदा थांबतो. लोरेटा तुला कळवणार होती, मीच तिला शपथ घातली. येणार नाही असं लिहायला हात धजेना. म्हणून सलग तीनची अट घातली. मला वाटलं, हे काही होत नाही. ज्यांच्यावर जन्मभर जिंकतील म्हणून भरवसा टाकला आणि फसलो, त्यांच्यावर एकदाच हरतील म्हणून भरवसा टाकला.

त्या दिवशी ओरडून झाल्यावर मला धडकी भरली, की आता ताईला खरं सांगावं लागणार. तो रविवारचा कागद मी चूक शोधायलाच वाचत होतो. आणि चूक सापडली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आपले हरले म्हणून मला बरं वाटलं, ताई. याची लाज वाटते, ती तुझ्यापाशीच कबूल करतो.

एक मागतो. रविवारचा खरा कागद पाठव. हरलेला असू दे, पण खरा. इथे बसून मी तुझ्याशेजारी असतो तो एवढ्यापुरताच, त्यात खोटं शिरलं तर मी कुठे बसू?

माझ्यावर रागाव, पण लिहिणं थांबवू नकोस.

तुझा,
मर्ल

---

पोर्ट हॅडली
२ सप्टेंबर १९७४

चि. मर्लला अ. उ. आ.

चार दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडत होते. फेब्रुवारीपासून! आणि मी इथे तुझ्या उशीला ऊन दाखवत बसले. सख्ख्या बहिणीला कळवायला तुला जमलं नाही, आणि बगळ्यांच्या आड लपलास. त्यांना हरायला दुसरी कारणं कमी होती का? फार राग आला. मग लोरेटाला फोन केला. तिने सगळं सांगितलं, तूही जाग्यावर ऐकत असशील. त्यानंतर राग कुठे ठेवावा ते कळेना.

माझंही ऐक. तू आलास की त्याच दिवशी खरं सांगणार होते. तू चिडून तसाच परत गेला असतास, तरी निदान एक सामना शेजारी बसून गेला असतास. एवढाच हिशेब होता माझा. नवव्या डावाचं डोक्यातच आलं नाही.

रविवार अठरा ऑगस्टचा खरा कागद सोबत आहे. अकरा-तीन हरलो. कालच्या शेवटच्या सामन्याचाही आहे, तोही हरलो, पाच-चार. नववा डाव सावकाश वाच. दोन बाद, दोघे बेसवर, आणि क्रेगल बॅट न हलवता चेंडू बघत उभा राहिला आणि तसाच बाद झाला. लोक उठून गेले, दिवे मालवले, तरी मी बसून होते. झाडूवाला आला आणि पर्स उचलता का म्हणाला. मी पर्स उचलली. त्याने तुझ्या खुर्चीखालची शेंगांची टरफलं झाडून नेली. ती सगळी माझीच होती.

आज सकाळी पुढल्या वर्षीच्या खुर्च्यांचा फॉर्म भरला. किती जागा हव्यात, असा एक चौकोन असतो त्यावर. तीस वर्षं मी न बघता तिथे दोन लिहीत आले. आज पेन हातात धरून कितीतरी वेळ बसले. मग खरंच लिहायचं असं तू सांगितलं आहेस, म्हणून एक लिहिला. तसाच टपालात टाकून आले, घरी ठेवला असता तर बदलला असता.

तेव्हा तुझ्या खुर्चीवर आता कुणीतरी अनोळखी बसेल. त्याच्याशी मी बोलेन की नाही, ठाऊक नाही. कागद मात्र तुलाच येतील, जसे होतील तसे. पुढच्या वर्षीचा पहिला सामना बारा एप्रिलला आहे, शनिवारी. सोमवारी पाकीट टपालात टाकीन. ते फोडायला तू असायला हवास, बाबा. बाकी काही मागत नाही.

तुझी,
आर्डिथताई