बडोद्यात फुटबॉल नाही, असं मीच म्हणालो होतो

बडोदे,
रविवार, १६ फेब्रुवारी १९९७

तीर्थरूप सुभानदादा यांच्या चरणी जयवंतचा (म्हणजे तुमच्या दाजीचा) प्रेमलासह साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींना मेथीचे लाडू पोचले ना? आम्ही इकडे खुशाल आहोत, निदान हे पत्र तुमच्या हाती पडेपर्यंत तरी राहू. खरं तर फोनवर बोलायचं होतं. प्रेमलानं मला तीनदा लहरीपुऱ्याच्या एसटीडी बूथवर पाठवलंही. पण तिन्ही वेळा तुमचा नुसता 'हॅलो' ऐकून मी कोल्हापूरच्या हवेची चौकशी केली आणि फोन ठेवला. पत्रातून तुमचा आवाज येत नाही, हा मोठा आधार आहे.

आधी आभार मानतो. तुमच्या हेरंबला तुम्ही शिकायला आमच्याकडे पाठवलंत, त्याबद्दल मी जन्मभर तुमचा ऋणी राहीन. आमची पूर्णिमा लग्न होऊन गेल्यापासून या घरात भिंतीवरच्या घड्याळाशिवाय कुणाचा आवाज नव्हता. मी कोयलीच्या रिफायनरीतून यायचो, जेवायचो, बातम्या ऐकायचो आणि निजायचो. आता दारात चपलांचा ढीग असतो आणि प्रेमला स्वयंपाक करताना गुणगुणते. शिवाय पोरगा पॉलिटेक्निकच्या पहिल्या सत्रात प्रथम वर्गात पास झालाय. गुणपत्रिकेची नक्कल सोबत जोडली आहे (कृपया तीच आधी पाहावी आणि पाणी पिऊन मग पुढे वाचावं).

तुम्हाला आठवत असेल, जूनमध्ये तुम्ही त्याला सोडायला आलात तेव्हा ओट्यावर बसून मला विचारलंत, "दाजी, हितं फुटबॉल न्हाई न्हवं?" बारावीला दोनदा बसलेलं आणि पेठेच्या सामन्यात गळपट्टीचं हाड मोडून घेतलेलं पोरगं, तुमची काळजी मला कळत होती. मी छातीठोकपणे म्हणालो, बडोद्यात क्रिकेट आहे, गरबा आहे, फुटबॉल नाही. तुम्ही बजावलंत की त्याचा पाय चेंडूला लागला तर शिक्षण बंद आणि पोरगं कायमचं कापडाच्या दुकानात. दादा, मी खोटं बोललो नाही. मला खरंच माहीत नव्हतं.

नोव्हेंबरात मला संशय आला, कारण ग्रंथालयातून कुणी गुडघे सोलवटून घरी येत नाही. एका रविवारी मी त्याच्या मागोमाग प्रतापनगरच्या मैदानावर गेलो, त्याचा कान धरून परत आणायला. तिथं अखिल भारतीय सुवर्ण चषकाची पहिली फेरी सुरू व्हायची होती आणि पंच घड्याळ बघत उभे होते. संघाबरोबर व्यवस्थापक नसेल तर संघ बाद, असा नियम निघाला. आणि मैदानात चष्मा आणि बूटपॉलिश असलेला माणूस मी एकटाच. "सही करो ने साहेब, मोडुं थाय छे!" असं म्हणत, उशीर होतोय म्हणून कुणीतरी घाईनं पेन हातात दिलं. हेरंब माझ्याकडे बघत होता. काय सांगू तुम्हाला, मांजराच्या पिलासारखं बघत होता. मी सही केली.

यामागे माझा एक हिशेब होता, तो ऐकून घ्या. ही स्पर्धा बाद पद्धतीची. एकदा हरलं की खेळ खलास. बडोद्याचा संघ हरणार हे उघड, म्हणजे पोराची हौस फिटेल, प्रकरण आपोआप मिटेल आणि तुम्हाला कळवायची वेळच येणार नाही. त्यात प्रतिस्पर्ध्यांची गाडी रखडली आणि सामना दुपारी तीनवर गेला. भावनगरची ती पाहुणी पोरं दमून आलेली. त्यांना जोर यावा म्हणून मी सगळ्यांना घरी नेलं आणि प्रेमलानं त्यांना पोटभर श्रीखंड-पुरी वाढली, आग्रह करकरून. दादा, मी शुद्ध मनानं त्यांच्या विजयासाठी वाढत होतो. तीन वाजता ती पोरं मैदानात उभी राहिली एवढंच; पळणं कुणालाच जमेना. त्यांच्या गोलरक्षकाला तर मी खांबाला टेकून जांभई देताना पाहिलं. आम्ही तीन शून्यानं जिंकलो. आमच्या पोरांनी मला उचलून घेतलं, "काका तो जबरा नीकळ्या!" हा माझा डाव होता, अशी आजही गावभर समजूत आहे.

जानेवारीत इंदूरचा संघ आला. या वेळी मी शहाणपण केलं आणि श्रीखंड आपल्याच पोरांना वाढलं, दुप्पट. पण ही बडोद्याची पोरं, यांच्या वरणातसुद्धा गूळ! वाट्या चाटून पुसून "काकी, थोडुं वधारे" म्हणाली आणि मैदानात वाऱ्यासारखी पळत सुटली. बरोबरी झाली, पेनल्ट्या आल्या आणि शेवटची मारायला हेरंब उभा राहिला. हुकली की संपलं, इतकं सोपं होतं. मी 'हुकू दे' म्हणायला तोंड उघडलं आणि ओरडलो, "मार रे हेरंबा!" माझी छत्री रेषेवरच्या पंचाच्या पाठीत बसली. चेंडू जाळ्यात गेला आणि मी, पंचावन्न वर्षांचा माणूस, रडलो. आपली पोरं हरावीत असं मला वाटत नव्हतं, दादा. पहिल्या दिवसापासूनच नव्हतं.

दोष सगळा माझा. शिक्षा मला करा, पोराला नेऊ नका.

वहिनींना नमस्कार.

तुमचा अपराधी आणि ऋणी,
जयवंत

ता. क. : पुढची फेरी २ मार्चला आहे, तुमच्याच कोल्हापुरात आणि तुमच्याच पेठेच्या संघाशी. माझ्या शेजारची खुर्ची तुमच्यासाठी राखून ठेवतो. छत्री आणणार नाही.

ता. क. २ : त्या दुपारी वहिनींनी यजमान संघाला घरी बोलावून श्रीखंड-पुरी वाढली तर शोभून दिसेल. मी आपलं पाहुणचार म्हणून सुचवतो.

ता. क. ३ : हे शेवटचं प्रेमलाच्या नकळत लिहितो, कारण तुम्हाला कुणी कळवलं याची मला कल्पना आहे. इंदूरच्या सामन्याआधी हेरंबच्या नावानं फुटबॉलच्या बुटांचं एक पार्सल आलं. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. पार्सलचा मांजरपाट तुम्ही उलटा करून शिवला होतात, पण तुमच्या दुकानाचा निळा शिक्का आरपार दिसत होता. हेरंबनं ते कापड पाहिलं नाही. बूट मीच आणले असं समजून त्यानं मला वाकून नमस्कार केला. तो नमस्कार तुमचा होता, दादा. आजवर माझ्याकडे राहिला, तो या पत्रासोबत पाठवत आहे.