पिवळ्या पट्ट्याची हकिगत

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी सहाच अंगं टेकली आहेत, उरलेली दोन समक्ष भेटीत टेकवीन.) तुझा खोकला गेला का? भावोजींची नवी कवळी तोंडात बसली, की अजून खिशातच फिरते? आमच्याकडे सगळं ठीक आहे. शिलाईची मशीन चालू आहे, दुकान चालू आहे, फक्त दुकानदाराचं डोकं आठ दिवस ठिकाणावर नाही. का, ते सविस्तर सांगतो. चहा घेऊन बस.

आमची मुंगी (आठ वर्षांची झाली, पण नाव काही वाढत नाही) गेलं वर्षभर एकच ध्यास घेऊन बसली होती. त्या मोठ्या थीम पार्कमधला ‘अजगर’. अजगर म्हणजे रुळांवरून वर चढून उलटीपालटी होत सुसाट खाली येणारी गाडी. वहीच्या मागच्या पानावर अजगर, माझ्या कटिंगच्या टेबलावर खडूने अजगर. एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या कापडावरही तो निघाला, तेव्हा मी शरण गेलो. तीन वर्षांपूर्वी शेजारचे चष्मेवाले सहकुटुंब जाऊन आले, तेव्हा पाच माणसांना मिळून जेवढा खर्च आला, तेवढ्यात आता एक माणूस नुसतं आत पाऊल टाकतो. मी सगळे भाव शिलाईत मोजतो, त्याला इलाज नाही. तिथे गाडी उभी करायची म्हणजे एक पँट आखूड करायची मजुरी. घरून नेलेलं पाणी फाटकावर काढून घेतात आणि आत तेच पाणी दोन चेन बदलण्याच्या भावात विकतात. रांगेत उभं राहायचं नसेल तर वेगळं तिकीट. म्हणजे पहिलं तिकीट कशाचं, तर रांगेत उभं राहण्याचं! आदल्या दिवशी तुझी भावजय आणि मी कटिंगच्या टेबलावर खडूने बेरीज मांडत बसलो. ती दर वेळी वेगळी येई आणि दर वेळी आधीपेक्षा मोठी.

त्यातल्या त्यात एकच झुळूक होती. चार फुटांखालच्या मुलांना अर्धं तिकीट. निघायच्या आधी मुंगीला भिंतीशी उभी करून मापलं, तर सव्वाअठ्ठेचाळीस इंच. म्हणजे चार फूट आणि वर पाव इंच! ताई, माझा जन्म पाव इंचांत गेला, पण इतका महागडा पाव इंच मी पाहिला नव्हता.

फाटकावर एक रेघ मारलेली पाटी होती. तिकिटवाल्याने मुंगीला तिच्यापुढे उभं केलं, तर डोकं रेघेच्या वर. मी म्हटलं, बूट घालून माप घेतात का कुठे? बूट काढले. मग वेणी सोडायला लावली. मग मला दिसलं की पाटी ठोकताना खाली फरशीचा उतार कुणी धरलेलाच नाही. मी त्याला उतार समजावून सांगू लागलो. (मागे रांग वाढत होती. तुझी भावजय मला ओळखत नसल्यासारखी दूर जाऊन उभी राहिली.) शेवटी तो वैतागून म्हणाला, ‘‘मग तुम्हीच मापा.’’ ताई, शिंप्याला असं कुणी म्हणावं? टेप माझ्या खिशात होतीच. मापलं, तर पावणेअठ्ठेचाळीस! सकाळी माझाच हात चुकला असणार, असं मी मनाशी धरलं. पैसे वाचणार असले की माणसाला स्वतःचं म्हणणं चटकन पटतं. त्याने मुकाट्याने अर्धं तिकीट फाडलं आणि मुंगीच्या मनगटाला पिवळा पट्टा बांधला. मी टेप गुंडाळत असा आत शिरलो, की जणू पार्क माझ्याच नावावर आहे.

अजगराच्या रांगेत पाऊण तास उभे राहिलो. मुंगी गप्प होती, मला वाटलं आनंदाने. आमची पाळी आली आणि तिथल्या बाईंनी तिचा हात उचलून पाहिला. पिवळा पट्टा, चार फुटांखाली, अजगर बंद. लाल पट्टा असला तरच आत.

मी धावत फाटकावर गेलो आणि त्याच तिकिटवाल्याला सांगू लागलो, की पोर चार फुटांच्या वर आहे हो, चांगली पाव इंच वर आहे! त्याने माझ्याकडे शांतपणे बघितलं. ‘‘साहेब, सकाळी तुम्हीच मापलंत ना?’’ आता पट्टा बदलायचा तर पुरं तिकीट नव्याने. मी खिशात हात घातला आणि तो तिथेच राहिला. किती वेळ, ते विचारू नकोस. तेवढ्यात मुंगीने माझी बाही ओढली. ‘‘बाबा, जाऊ दे ना. मला नाहीच बसायचं.’’ आणि मी, ताई, लगेच ‘बरं’ म्हणालो. तेच मला अजून खातं आहे.

परवा शाळेच्या कपड्यांसाठी तिचं माप घेतलं. सव्वाअठ्ठेचाळीस. पुन्हा घेतलं. सव्वाअठ्ठेचाळीस. मी टेप खाली ठेवली आणि विचारलं, तर खाली मान घालून म्हणाली, फाटकावर मी गुडघे वाकवले होते. दिसणार कसं? फ्रॉक माझ्याच हातचा, नेहमीप्रमाणे वाढत्या अंगाचा, पार पोटरीपर्यंत घोळदार. का वाकवलेस, हे मी विचारलं नाही. आमची ती खडूची बेरीज तिने ऐकली होती, आणखी काय? वर्षभराचं स्वप्न पोरीने बापाच्या खिशासाठी गुडघ्यांत घातलं. मला रडू आवरेना. कोटाची ट्रायल द्यायला आलेले हेडमास्तर एका बाहीनिशी परत गेले.

सर्वांना यथायोग्य सांग, आणि वरची दोन अंगं राहिली आहेत हे लक्षात ठेव.

तुझा,
छोटू (वय वर्षं बेचाळीस)

ता. क. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी आम्ही परत जातो आहोत, पुऱ्या तिकिटात. पण लहान मुलासोबत अजगरात एका मोठ्या माणसाला बसावं लागतं. तुझ्या भावजयीला साध्या झोपाळ्यावर गरगरतं, आणि माझं तर तुला माहीतच आहे, दुकानातला दिवा बदलायलासुद्धा स्टुलावर तीच चढते. लहानपणी पाण्याच्या टाकीवर चढून बसणारी आपल्या घराण्यात तू एकटीच. तेव्हा येशील ना?

ता. क. २. नाही म्हणू नकोस. तुझं तिकीट काढून झालं आहे आणि ते परत घेत नाहीत.

ता. क. ३. आत्या, हे मी लिहिते आहे. बाबांनी पत्र पाकिटात घालायला दिलं होतं, मी आधी वाचलं. मी पैशांसाठी गुडघे नव्हते वाकवले. फाटकातूनच अजगर दिसत होता आणि मोठी मोठी माणसं आई आई ओरडत होती. पिवळ्या पट्ट्याला अजगर नाही, असं पाटीवर लिहिलं होतं, म्हणून वाकवले. बाबांना मी सांगणारच होते, पण ते रडायला लागले आणि मला जवळ घेऊन गुणी पोर म्हणाले. मग कसं सांगू? तू नक्की ये, पण तिथे आल्यावर तुलाच भीती वाटते असं सांग. तिथे बदकांच्या होड्या आहेत, खूप हळू जातात. बाबांनाही बसता येईल.