काठीची लांबी आणि पडद्यांचे दांडे

तीर्थरूप दादांच्या सेवेशी,

मी, आपल्या धाकट्या बहिणीचा नवरा, वय चौपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर (पहिला वर्ग), सध्या गोदामात येणारा माल तपासून घेणाऱ्या विभागाचा प्रमुख, आपल्या घरात पूर्वी माझ्या पाठीमागे आणि हल्ली तोंडावरही 'फूटपट्टी' या नावाने ओळखला जाणारा, हे पत्र एकाच हेतूने लिहीत आहे. फ्लाय रॉड, म्हणजे पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी मासे पकडण्यासाठी ज्या काठीने पाण्यावर फेकतात ती काठी, कोणत्या पाण्याला किती लांबीची असावी, याबद्दल आपला अनुभवी सल्ला मला हवा आहे. सौ. गेले एकोणीस दिवस आपल्याकडे मुक्कामाला आहे आणि परत येण्याबाबत तिने एक अट घातली आहे, हा विषय वेगळा असून त्याचा उल्लेख या पत्रात केवळ संदर्भापुरता येईल.

प्रथम प्रकृती. आपला गुडघा कसा आहे? (डावा. उजव्याची चौकशी मागच्या पत्रात केली होती. उत्तर आलेले नाही.) वहिनींचे पित्त शमले असावे. माझी प्रकृती उत्तम आहे. जेवण वेळेवर होते. म्हणजे वेळ पाळली जाते. जेवणाबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

आता मूळ विषय. त्याचे मूळ, क्षमा असावी, आपणच आहात. गेल्या खेपेस आपण मला आपल्या घरामागच्या ओढ्यावर नेलेत आणि हातात आपली जुनी दहा फुटी काठी दिलीत. मी ती बारा वेळा फेकली. त्यांपैकी अकरा वेळा माशी माझ्या मागच्या झाडात अडकली आणि बाराव्या वेळी आपल्या टोपीत. आपण हसलात, वहिनी हसल्या, ते मी समजू शकतो. यजमानांचा तो अधिकार आहे. परंतु सौ. इतकी हसली की तिला खाली दगडावर बसावे लागले. त्यावर आपण म्हणालात, "अहो, सगळा खेळ लांबीचा आहे. ओढ्याला आखूड, तळ्याला लांब. तुम्ही तर मोजण्यातला माणूस!" हे वाक्य आपण विसरला असाल. मी विसरलेलो नाही.

घरी येताच मी तक्ता केला. अरुंद ओढा, वर फांद्या, मागे झुडपे: सात फूट. मध्यम नदी, काठ मोकळा: साडेआठ. मोठी नदी, त्यात वारा: नऊ. तळे, कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून: दहा. तक्ता निर्दोष होता. आता कोणीही सामान्य मनुष्य दुकानात जाऊन यांतली एक काठी उचलून आणतो. परंतु नमुना तपासल्याशिवाय माल आत घ्यायचा नाही, हा नियम मी सत्तावीस वर्षे पाळत आलो आहे आणि केवळ माशांसाठी तो मोडण्याचे मला कारण दिसले नाही. म्हणून काठी घेण्याआधी चारही लांब्या प्रत्यक्ष पाण्यावर तपासून पाहण्याचे मी ठरवले. नमुन्यासाठी सरळ, हलके, गोल लाकूड लागते. ते घरात होते. फक्त त्यावर पडदे होते.

येथे मला सौ.ची बाजूही मांडली पाहिजे (मी पक्षपाती नाही). हे पडदे तिने शिवणवर्गातून दमून आल्यावर, दोन महिने बसून, हाताने टीप घालून शिवले होते. मी ते अत्यंत काळजीपूर्वक उतरवले, घड्या घातल्या आणि प्रत्येक घडीवर खिडकीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी लावली. स्वयंपाकघराचा दांडा सात फुटांचा निघाला. तो तसाच चालला. गॅलरीत कपडे वाळत घालायची काठी बरोबर दहा फुटांची, हाही योगच. हॉलचा दांडा साडेनऊ फुटांचा होता, तो नऊवर आणावा लागला. तेव्हा सौ. एवढेच म्हणाली, "समोरच्या बाईंनी आज मला त्यांच्या खिडकीतून विचारलं, तुमच्याकडे निळ्या वाट्या सहाच आहेत का हो?" मी म्हटले, सहाच आहेत, सांगायला हरकत नाही. त्यानंतर मी झोपण्याच्या खोलीतला दांडा करवतीखाली घेतला. सव्वानऊचा साडेआठ करायचा होता. करवतीचा आवाज थांबला तेव्हा मला कपाट उघडल्याचा आवाज आला. ती बॅग भरत होती.

"दादाकडे जाते," ती म्हणाली. "पडदे लागले की कळवा."

"चाचणी संपली की लगेच लावतो."

"तुम्ही लावू नका. तुम्ही लावायला घेतलेत तर आधी भिंत मोजाल. माणूस बोलवा."

एवढेच संभाषण झाले. दाराशी तिने मागे वळून पाहिले, असे मला वाटले. परंतु ती छत्री घ्यायला वळली होती.

दुसऱ्याच दिवशी मी रजा टाकून चारही नमुने घेऊन बाहेर पडलो. बसमध्ये वाहकाने ते घेऊ दिले नाहीत, म्हणून तळ्यापर्यंत दोन तास चालत गेलो. (रस्त्यात तीन जणांनी मला तंबू कुठे ठोकणार असे विचारले.) दांड्यांवरच्या पडद्याच्या कड्या मी मुद्दाम राहू दिल्या होत्या, कारण (माशीसकट विकत आणलेली) दोरी ओवण्यासाठी त्या अगदी योग्य अंतरावर बसवता येत होत्या. हा माझा स्वतःचा शोध आहे. तळ्याच्या काठी एक म्हातारे गृहस्थ काठी घेऊन उभे होते. निवृत्त पोस्टमन, असे त्यांनी नंतर सांगितले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि विचारले, "काय साहेब, तळ्याला पडदे लावायला आलात?"

मी त्यांना तक्ता दाखवला. त्यांनी तो चष्मा वर करून वाचला. "लांबी सगळी बरोबर लिहिलीत हो," ते म्हणाले. "आखूड काठी झाडाखाली बरी, लांब काठी उघड्यावर. लांबीनं दोरी पाण्यावरून वर उचलता येते. पण ही तुमची वाकते का?"

मी म्हटले, पडद्याचा दांडा वाकला तर तो परत करतात.

"मग झालं! अहो बाबा, काठी वाकली नाही तर दोरी पुढं जाणार कशी? ताठ काठीनं फार तर कुत्रं हाकलता येतं."

दादा, वाकणे हा मुद्दा माझ्या तक्त्यात कोठेही नव्हता. तरीही चाचणी अर्धवट सोडणे मला पटेना. मी चारही लांब्यांनी प्रत्येकी पंचवीस वेळा माशी फेकली. सात फुटीने माशी माझ्या बुटावर पडली, दहा फुटीने पोस्टमनांच्या बुटावर. मधल्या दोन्हींचे निष्कर्ष मी येथे देत नाही. शेवटी नोंदी करण्यासाठी मी काठी गवतावर आडवी ठेवली आणि लिहू लागलो. दोरीचे टोक काठाशी, वीतभर पाण्यात, पडून राहिले होते. त्याच वेळी मासा लागला. बऱ्यापैकी मोठा. पोस्टमनांनी टाळ्या वाजवल्या. मी तो सोडून दिला (मी मासे खात नाही, हे आपण जाणताच) आणि तक्त्यात लिहिले: 'काठीची लांबी: लागू नाही.'

तेव्हापासून मी घरी आहे. घर फार उजेडाचे झाले आहे. संध्याकाळी दिवा लावला की समोरच्या बाई मला हात करतात आणि मीही करतो, कारण न करणे उद्धटपणाचे दिसते. परवा त्यांनी खिडकीतूनच विचारले, "तुमच्या मिसेस कधी येणार?" मी त्यांना सांगितले की तो विषय वेगळा आहे.

तरी आपल्या तीस वर्षांच्या अनुभवाच्या आधारे, साडेआठ फूट आणि नऊ फूट यांपैकी नवशिक्याने कोणती काठी घ्यावी, याचा सविस्तर खुलासा करावा. वहिनींना नमस्कार. सौ.ला माझा निरोप काही नाही. ती बरी असेल.

आपला नम्र,
धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. (१): वरील शेवटच्या वाक्यातील 'निरोप काही नाही' हे शब्द तिला वाचून दाखवू नयेत.

ता. क. (२): काठीच्या लांबीबद्दल उत्तर पाठवण्याची तसदी घेऊ नये. मला मासेमारी करायची नाही. ती मला त्या तळ्यावर पहिल्या दहा मिनिटांतच आवडेनाशी झाली होती. आपल्याला पत्र लिहायचे तर काहीतरी विषय हवा होता, आणि नुसते 'ती काय करते, माझ्याबद्दल काही बोलते का' असे विचारायला मला जमले नसते. तेवढे मात्र कळवावे.

ता. क. (३): अटीबाबत. (वरचा मजकूर मंगळवारचा आहे, पत्र टाकायचे राहिले.) काल नवे दांडे आणून पडदे लावले. माणूस बोलावला नाही, मीच लावले. भिंत मोजली नाही. हॉलचा डावीकडचा पडदा उजव्यापेक्षा चार बोटे वर राहिला आहे. चार बोटे हा अंदाज आहे, कदाचित पाचही असतील. मी काल संध्याकाळपासून त्याच्यासमोर बसून आहे आणि अजून त्याला हात लावलेला नाही. हे तिला सांगावे. तिचा विश्वास बसणार नाही. तो बसू नये असेच मला वाटते. तिने स्वतः येऊन पाहावे. रविवारपर्यंत मी कसाबसा धीर धरीन, त्यापुढे माझा भरवसा नाही.

सही: आपला मेहुणा
ठिकाण: घर, हॉल, डाव्या पडद्यासमोर
दिनांक: अकरा, गुरुवार