डाव्या पाट्याची बैठक

शनिवार, ४ मे

आज शर्यतीत पुन्हा तेच. हिरवा दिवा लागला, मी पेडल दाबलं, आणि गाडी पुढे झेपावायच्या ऐवजी मागची चाकं जागीच थडथड उडायला लागली. दातावर दात आपटले. शेजारच्या पट्टीवरचा म्हातारा आरामात जिंकून गेला!

डॅडींचे दोस्त ऑर्विलकाका कुंपणापाशी होते. "पोरी, ताकद मुबलक आहे. जमीनच धरत नाही ती."

गुडघा सुजलाय. डावा. एकोणनव्वदमध्ये ह्याच गाडीत मोडला — भाऊ, मर्ल, चालवत होता, मी शेजारी. सरळ रस्त्यावर त्यानं जोर दिला आणि आम्ही ओढ्यात. एकोणीस वर्षांची होते, कॉलेजच्या संघातून धावायचे. पुन्हा कधी धावले नाही. "मी वळवली नाही, मागनं आपोआप वळली," असं तो आठवडाभर सांगत होता. मग एकदम गप्प झाला. आम्हाला वाटलं, आली कबुली. डॅडींनी त्याला घराबाहेर काढलं. मीही अडवलं नाही.

लोक विचारतात, शर्यतीला हीच गाडी का? कारण दुसऱ्या कुठल्याही गाडीवर माझा राग नाही.

सोमवार, ६ मे

जेवणाच्या सुट्टीत काकांनी गॅरेजवर येऊन सँडविचच्या कागदावर चित्र काढलं. पाटे म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. त्यांनीच मागच्या दोन चाकांना जोडणारा अ‍ॅक्सल धरलेला. जोर आला की अ‍ॅक्सल पीळ घेतो, पाटे नागासारखे वळतात, मग सुटतात — आणि चाक उडतं. उपाय: पाट्यांखाली जाड दांडे, पुढच्या टोकाला रबरी ठोकळा. पीळ पडायला लागला की ठोकळा वर टेकतो आणि जोर जमिनीत जातो.

"आणि पाट्यांना पुढच्या अर्ध्यात चिमटे घट्ट मार. मागचा अर्धा मोकळा राहू दे."

हे मला तीस वर्षं शाळेच्या बस दुरुस्त करूनही कळलं नव्हतं.

गुरुवार, ९ मे

दांडे आले. काळे, जड. शनिवारी पाटे उतरवायचे.

शनिवार, ११ मे

कसं लिहू.

डावा पाटा उतरवला. त्याची बैठक — अ‍ॅक्सलला वेल्डिंगनं जोडलेली लोखंडी खुर्ची, तिच्यावरच पाटा आवळलेला असतो — तिच्यावर रंगाचा जाड थर होता. उजवीवर नाही. तारेच्या ब्रशनं घासला. खाली एक पट्टी निघाली. काकांनी दिवा जवळ धरला, कडेवरून बोट फिरवलं. मग ग्राइंडरनं पट्टीची कड उघडली.

"हे दोनदा जोडलंय. आधीचा जोड आरपार तुटलाय, आतला गंज बघ. त्यावर पट्टी मारून रंग दिलाय."

"चालत्या गाडीत तुटला तर?"

"चाक जागेवरून सरकतं. अ‍ॅक्सल तिरका होतो. मग तू स्टिअरिंग कितीही सरळ धर."

मी काकांच्या हातून दिवा घेतला आणि जोडावर धरला.

जोड कुणाचा ते विचारावं लागलं नाही. डॅडी वेल्डिंग संपवताना शेवटी हुकासारखा एक छोटा आकडा काढायचे. आमच्या शेताच्या प्रत्येक फाटकावर तो आहे. इथे दोन्ही थरांवर आहे. अपघाताच्या वर्षी वसंतात त्यांनीच हा मोठा अ‍ॅक्सल बसवला होता, शेजाऱ्यांना बोलावून दाखवला होता.

अपघातानंतर गाडी कोठारात गेली ती गेल्या वर्षी मीच बाहेर काढली. डॅडींनी तिचं पुढचं चेपलेलं नाकसुद्धा सरळ केलं नव्हतं. मग गाडीखाली झोपून हा एवढाच जोड दुरुस्त केला? आणि वर रंग? विचारायला डॅडी आता नाहीत.

काका म्हणाले, "तुझा बाप माझा दोस्त होता गं." एवढंच. टोपी उचलून निघून गेले.

रविवार, १२ मे

चर्चला गेले नाही. कुणाच्याच तोंडाकडे बघवत नाही.

बुधवार, १५ मे

काका आले. दोन्ही बैठका नव्या जोडल्या. दांडे लावले, चिमटे आवळले, ठोकळ्यापाशी बोटभर फट ठेवली. त्यांना कॉफी दिली. मर्लच्या लग्नाला डॅडी गेले नव्हते ना, असं त्यांनी विचारलं. आमच्यापैकी कुणीच गेलं नव्हतं.

शनिवार, १८ मे

गाडीनं जमीन धरली! एक धक्का, नाक वर, आणि बाणासारखी सरळ. आजवरची माझी सगळ्यात वेगवान फेरी. माणसं टाळ्या वाजवत होती. मी पट्टीच्या टोकाला इंजिन बंद केलं आणि काच वर करून बसून राहिले. पस्तीस वर्षं मी एका खरं बोलणाऱ्या माणसाला खोटारडा म्हणत होते.

रविवार, १९ मे

मम्मीच्या वहीत मर्लचा ओरेगनचा नंबर सापडला. फोन लावला. "मर्ल, मी व्हर्ना." मग सगळं सांगितलं, जोडाचं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "तू हॉस्पिटलात असतानाच मी गाडीखाली शिरून तुटलेला जोड पाहिला होता."

"मग बोलला का नाहीस?"

"डॅडी रोज तुला खांद्याचा आधार देऊन चालायला शिकवत होते. तू दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हतीस."